फोटोखालची ओळ

तेरा नंबरच्या फोटोत आई होती. प्रज्ञाने तो स्कॅनरच्या काचेवर पालथा घातला तेव्हा तिचं ध्यानही नव्हतं. आधीचे बारा फोटो एकाच छापाचे होते, निवडणुकीला उभे राहिलेले तात्या फीत कापताना, तात्या कुदळ मारताना, तात्या कुणा म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवून कॅमेऱ्याकडे बघताना. सकाळपासून फोटो घालायचा, झाकण लावायचं, नंबर द्यायचा, काढायचा, असं चाललं होतं, आणि असल्या कामात मन आपलं कुठेही हिंडून येतं. मग पडद्यावर निळी साडी आली, स्टीलचा हंडा आला, हंड्यात पडणारी पाण्याची जाड धार आली, नळाच्या तोटीवर ठेवलेला, अंगठ्या घातलेला तात्यांचा हात आला, आणि ह्या सगळ्याच्या वर, सगळे दात दाखवत हसणारी आई. प्रज्ञाने फोटो उचलून उलटा केला. मागे प्रचार सांभाळणाऱ्या गोरक्षच्या अक्षरात निळ्या शाईने लिहिलं होतं: ‘तात्यांनी दलित वस्तीत गंगा आणली. आनंदी हरिजन वृद्धा.’ तिने ते दोनदा वाचलं. आई बावन्न वर्षांची होती. आणि हरिजन हा शब्द त्यांच्या घरात छप्पन सालच्या धर्मांतरापासून कुणी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता. आजोबांनी तो देव्हाऱ्यातल्या देवांबरोबरच बाहेर ठेवला होता. तिला आधी हसू आलं, मग कानशिलं तापली, मग उगाचच तिने स्कॅनरची काच फडक्याने पुसायला घेतली. काच स्वच्छ होती.

नगरला दिल्ली गेटच्या आत, एका औषधाच्या दुकानावर गहिनीनाथ सरांचं कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट होतं, प्रज्ञा तिथेच शिकवायची. आठ मशीन, एक प्रिंटर, एक स्कॅनर, आणि गेल्या वर्षापासून इंटरनेट. सप्टेंबरात विधानसभेची निवडणूक लागली, तसा आदिनाथ तात्यांचा पुतण्या गोरक्ष पुण्याहून इंजिनियर होऊन आला आणि त्याने तात्यांच्या डोक्यात घातलं की भिंती रंगवून आणि जीपला भोंगा बांधून आता भागत नाही, उमेदवार इंटरनेटवर पाहिजे. तात्यांच्या मतदारसंघात इंटरनेट बघू शकतील अशी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, त्यातली दोन ह्याच खोलीत बसलेली. पण गोरक्षचा हिशेब वेगळा होता. त्याला मुंबईच्या पेपरात चौकट छापून यायला हवी होती, की दुष्काळी तालुक्यातला एक उमेदवार एकविसाव्या शतकात पोचला आहे. आणि गावोगाव दाखवायचं कसं, ह्यावरही त्याने तोड काढली होती. पानं तयार झाली की रंगीत छापायची, प्लास्टिकमध्ये बसवून घ्यायची आणि जीपच्या दोन्ही अंगांना लावून फिरायचं. पहिली चार पानं अशी फिरायलाही लागली होती. जीप पारापाशी थांबली की माणसं रांगेने येऊन इंटरनेट बघून जात होती.

हे सगळं प्रज्ञानेच बनवलं होतं. तिला ते काम आवडलंही होतं, हे ती आता स्वतःपासून लपवू शकत नव्हती. कोऱ्या पडद्यावर एक पान उभं राहतं, त्यात चित्र बसतं, त्यावर माऊसचं बटण दाबलं की दुसरं पान उघडतं. मराठी अक्षरं सरळ उमटत नाहीत, ती आधी छपाईच्या प्रोग्रॅममध्ये टाइप करून त्यांचंच चित्र करून लावावं लागतं. ती क्लृप्ती तिने स्वतः शोधली तेव्हा सरांनी सगळ्या क्लासला बोलावून दाखवली होती. कोणाचं पान आहे, काय लिहिलंय, ह्याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. टाइप करणाऱ्याने मजकुरात डोकं घालू नये, असं ती पहिल्या दिवशी मुलांना शिकवायची. आता तोच मजकूर आईच्या साडीखाली येऊन बसायला निघाला होता, आणि तो टाइप करायला बोटं पुढे होत नव्हती.

ते हसू कुणाचं आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. शहाण्णव साल, उन्हाळा. विहाराशेजारी नवा नळ उभा राहिला होता आणि उद्घाटनाला तात्या येणार म्हणून भीमनगरातल्या, त्यांच्याच वस्तीतल्या बायांना चांगली लुगडी नेसून हंडे घेऊन उभं केलं होतं. प्रज्ञा त्या दिवशी नगरहून पहिल्या एस.टी.ने निघाली होती, बी.कॉम.चा निकाल घेऊन. तिसगावला उतरून दोन कोस उन्हातून चालत गेली, तर वस्तीच्या मागच्या अंगाला, बाभळींच्या आड, टँकर उभा दिसला आणि टँकरपासून नळाच्या खांबापर्यंत मातीने झाकलेला रबरी पाइप. माती ओली होती. तिला सगळं कळलं आणि तिने तिकडे साफ दुर्लक्ष केलं, कारण त्या दिवशी तिच्या पर्समध्ये त्याहून मोठी गोष्ट होती. गर्दीच्या कडेला टाचा उंचावून ती ओरडली होती, आई, पास झाले मी. त्याच वेळी तात्यांनी तोटी फिरवली, पाणी आलं, टाळ्या पडल्या आणि फोटो निघाला. नीट बघितलं तर फोटोत आई पाण्याकडे बघत नाही. तात्यांकडेही बघत नाही. ती उजवीकडे, चौकटीच्या बाहेर बघते आहे. आई एवढी हसलेली प्रज्ञाने त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. वडील, सहादेव, साखर कारखान्याच्या ऊसतोडीला गेले आणि तापाने तिकडेच संपले तेव्हापासून आईचं हसणं ओठांपुरतं होतं. अर्ध्या तासाने टँकर गेला आणि पाणीही गेलं. ती तोटी नंतर कुणीतरी काढून नेली. आणि आता ते हसू तात्यांच्या नावावर चढवायचं होतं, कायमचं, अमेरिकेपर्यंत. जमीन अशी नावावर चढवून घेतलेली तिने ऐकली होती. हसूही चढवता येतं, हे तिला नवीन होतं.

दुपारी गोरक्ष आला तेव्हा तिने सरळ सांगितलं, “तेरा नंबरचा फोटो घेऊ नका.”

“का? तोच तर सगळ्यात भारी आलाय.”

“ती माझी आई आहे.”

गोरक्ष चकित झाला, मग खरोखर खूश झाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त सगळं उपयोगाचं दिसायचं. “मॅडम, मग तर प्रश्नच मिटला. तुम्हीच लिहा ना खाली दोन ओळी, लेकीच्या शब्दांत. माझ्या आईच्या डोक्यावरचा भार तात्यांनी उतरवला, असं काहीतरी. वेबसाइट बनवणारी पण वस्तीतली, फोटोतली पण वस्तीतली. मुंबईचा पेपरवाला वेडा होईल.”

“तो नळ चालत नाही.”

“कुठला नळ चालतो हो? फोटो तर खरा आहे ना?”

तो गेल्यावर प्रज्ञा पडद्यावरचा फोटो बघत राहिली. फोटो खरा होता. पाणी खरं होतं, हंडा खरा होता, हसूसुद्धा खरं होतं. सगळ्या खऱ्या गोष्टी एका चौकटीत बसवून त्यांनी धडधडीत खोटं उभं केलं होतं, आणि खाली एक ओळ लिहिली की काम फत्ते.

सर म्हणाले, “प्रज्ञा, आपल्याला राजकारणाशी काय करायचंय? दोन आठवड्यांचा खेळ आहे.” ते बोलताना तिच्याकडे बघत नव्हते, प्रिंटरमधला कागद सारखा करत होते. तिला सरांची कीव आली आणि कीव आली म्हणून स्वतःचाच संताप आला, कारण ह्याच माणसाने तिला काम दिलं होतं. नगरात तीन ठिकाणी तिचा अर्ज आडनावापाशी अडखळला होता. सरांनी आडनाव वाचलं, टायपिंगचा वेग विचारला, आणि उद्यापासून या म्हणाले. ह्या इन्स्टिट्यूटला टेलिफोनची लाइन तात्यांच्या चिठ्ठीने मिळाली होती आणि तात्यांच्या कॉलेजात कॉम्प्युटर बसवायचं काम सरांकडे येणार होतं. म्हणजे ती बोलली की बुडणार सरही होते. उपकाराचं असंच असतं, तो नेमका नको त्या वेळी आडवा येऊन उभा राहतो. ती रात्रंदिवस तोच विचार करत राहिली, की फोटो गुपचूप गाळावा, फाइल बिघडली म्हणून सांगावं, नंबर चुकला म्हणावं. आई दिसणार नाही, खोटंही दिसणार नाही, नोकरीही राहील. हे तिला इतकं सोपं वाटायला लागलं की त्याचीच भीती वाटली. रविवारी ती गावी गेली.

तिला वाटलं होतं, आईला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागेल. तर आई दारातच म्हणाली, “आलीस का? मी इंटरनेटवर आले म्हनं.” जीप शुक्रवारी येऊन गेली होती. गोरक्षने पान संपायची वाटही बघितली नव्हती, आपल्याच हाताने फोटोखाली ती ओळ चिकटवून झेरॉक्स मारली होती आणि प्लास्टिकमध्ये घालून जीपला लावली होती. शेजारच्या लंकाबाईने, जी साक्षरतेच्या वर्गात आईसोबतच बसून अक्षरं शिकली, बोट ठेवून सगळ्यांसमोर ओळ वाचली. हरिजनपाशी तिचं बोट थांबलं होतं, म्हणे. मग तिने आईकडे बघितलं आणि आईने घराकडे. दोन दिवस आई कामाला गेली नव्हती. बाजरीची खुरपणी चालू होती, बोलावणं येत होतं, तरी नाही. आई तापातही कामाला जायची.

“मी काढून टाकते आई. परवा तात्या यायचेत इंटरनेटच्या उद्घाटनाला. त्याच्या आधी काढते. तुझा फोटो राहणार नाही कुठंच.”

आई चुलीवरून भाकरी उतरवत होती. तिने ती उतरवली, टोपल्यात टाकली, तवा बाजूला केला, आणि मग बोलली. “का काढायचा?”

“का म्हणजे? खोटं आहे ते.”

“खोटं खाली लिवलंय. वर तर मीच हाय.” आई पदराने कपाळ पुसून म्हणाली, “जल्माला आल्यापून ऐकतीया, हितून सरा, तितून उठा, पानवठ्यावरून मागं व्हा. आता कुठं जगात फोटु लागला तर तू बी काढाया निघालीस. म्या न्हाई निघायची. मी हाय तितंच ऱ्हाईन. तू खाली खरं लिव.”

“माझी नोकरी जाईल.”

“जाईल,” आई म्हणाली. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. लेकीची नोकरी म्हणजे काय हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. “जाईल खरी. तुला भ्या वाटत आसंल तर ऱ्हाऊ दे. पन मग काढू बी नको. ते लिवतील तसं ऱ्हाऊ दे, म्हंजी आपन दोगी बी त्या खोट्यात हाओत, येवढं तरी खरं ऱ्हाईल.”

प्रज्ञाने वही काढली. आईने सांगितलं आणि तिने लिहिलं, आणि लिहिताना सवयीने ‘हाय’चं ‘आहे’ करायला हात वळला तो तिने आवरला. सात वर्षं नगरात राहून तिने स्वतःच्या जिभेवरून हे शब्द एक एक करून खरवडून काढले होते, मेसमध्ये, कॉलेजात, अर्ज देताना खिडकीपाशी. आता तेच शब्द आईच्या तोंडून येत होते आणि एकही चुकीचा वाटत नव्हता. लिहून झाल्यावर आईने वही मागितली आणि खाली आपली सही केली, वर्गात शिकलेली, मोठ्या अक्षरांची. मग दोघी जेवल्या. दुसऱ्या दिवशी आई खुरपं घेऊन कामाला गेली आणि प्रज्ञा एस.टी.त बसली. घाटातून गाडी उतरत असताना तिला कळलं की आपल्याला भीती वाटत नाहीये असं नाही, चांगली वाटतेय, पण आता आपण तिला विचारून काही करणार नाही.

तिने चोरून काही केलं नाही, हे सांगितलं पाहिजे. सोमवारी तिने गोरक्षला फोन केला आणि म्हणाली, “तेरा नंबरखालची ओळ मी बदलणार आहे. आईच्या शब्दांत लिहिणार.” पलीकडे भोंग्याची चाचणी चालली होती. गोरक्ष म्हणाला, “वा वा, मॅडम, लिहा. तुमची भाषा चांगलीच असणार.” एवढ्यावर त्याने फोन ठेवला. आपल्याविरुद्ध कुणी सांगून सवरून काही करेल, हे त्या घराण्याच्या ध्यानातच येत नसावं.

मंगळवारी अकरा वाजता तात्या आले. पांढरे कपडे, पंचवीस माणसं, जिन्यात चपलांचा ढीग. नगरचे दोन वार्ताहर होते आणि मुंबईचा एक, ज्याच्यासाठी हे सगळं होतं. कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, मॉनिटरला झेंडूचा हार घातला. तात्यांनी नारळ सीपीयूच्या पायाशी फोडला आणि सरांनी पाणी आत जाऊ नये म्हणून आपला रुमाल आडवा धरला. मग सगळे बाजूला झाले. प्रज्ञा खुर्चीत बसली. मोडेमने आपला चिरका सूर काढला, लाइन लागली, पहिलं पान उघडलं. टाळ्या. तात्यांचं बालपण, टाळ्या. तात्यांची विकासकामं. एकेक फोटो वरून खाली असा पट्ट्यापट्ट्याने उतरत होता आणि माणसं श्वास रोखून थांबत होती. लाइनला घाई नव्हती. अजूनही वेळ होता, एक बोट दाबायचं आणि पुढच्या पानावर जायचं, कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तिने माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. तेरावा फोटो पुरा उतरला. त्याखाली अक्षरं आली, मोठी, जाड, मागच्या रांगेतून वाचता येतील अशी.

तात्यांनी चष्मा आणला नव्हता. फोटोतलं आईचं हसणं मात्र त्यांना दिसलं आणि ते प्रसन्न झाले. मुंबईच्या वार्ताहराकडे वळून म्हणाले, “गरिबाचा आशीर्वाद हाय बघा ह्यो. काय लिवलंय, वाचा की मोठ्यानं.”

वार्ताहर पुढे वाकला आणि त्याने वाचलं. “मी भागिरथी सहादेव, भीमनगर. ह्यो नळ फोटुच्या दिशी चालला, त्यो बी टँकरवर. तीन वरसं झाली, थेंब न्हाई. आमी बौद्ध हाओत, हरिजन न्हाई. त्या दिशी मी हसले ती माझी पोरगी बी.कॉम. पास झाली म्हनून. त्यात तात्याचा काई संबंध न्हाई.” वाचता वाचता त्याचा आवाज मंदावत गेला, पण शिकलेला माणूस, ओळ सुरू केली ती पुरी केली.

मग गोरक्ष टेबलाखाली घुसला आणि त्याने टेलिफोनची वायर उपटली. पान जागचं हललं नाही. एकदा उतरलेलं पान वायरीवर अवलंबून नसतं, हे इंजिनियर असून त्या घाईत तो विसरला. त्याने वायर हातात धरून पडद्याकडे बघितलं, आई अजून हसतच होती. मग तो सरांवर खेकसला, “पुसा ते. आत्ताच्या आत्ता पुसा. अकाउंट कुणाच्या नावावर आहे?”

सर खालच्या आवाजात म्हणाले, “तिच्याच.” अमेरिकेतल्या कुठल्याशा कंपनीने फुकट दिलेली ती जागा होती आणि ती घेताना ई-मेलचा पत्ता लागत होता. तात्यांकडे तो नव्हता, ऑफिसात कुणाकडेच नव्हता, तेव्हा गोरक्षनेच म्हटलं होतं, मॅडम, तुमच्याच नावाने उघडून टाका.

तात्यांनी हात वर करून पुतण्याला गप्प केलं. माणूस मुरलेला होता. ते प्रज्ञाच्या खुर्चीपाशी आले, आवाजात साखर घालून म्हणाले, “बाळ, कुनाची गं तू?”

“ह्यांचीच,” प्रज्ञा पडद्याकडे बोट करून म्हणाली. “सहादेव आणि भागिरथीची.”

“बरं बरं. चूक हुती मानसाची. त्यो पासवर्ड का काय आसतो, त्यो गोरक्षाला सांगून टाक. मंजे झालं.”

“सांगते की, तात्या. नळाला पाणी सोडा. माझी आई स्वतः हंडा भरून घरात नेईल, त्या दिवशी फोन करून सांगते.”

कुणीतरी मागे खोकला. नगरच्या एका वार्ताहराने तोंडावर हात धरला होता. गोरक्ष म्हणाला, “सर, हिला आजच्या आज काढा.” सरांच्या हातात नारळाच्या पाण्याने ओला झालेला रुमाल होता. ते तो पिळत राहिले. त्यांनी तोंड उघडलं, “प्रज्ञा, उद्यापासून…” ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, “उद्यापासून नाही येत, सर. तुमच्यावर माझा राग नाही. पण आजचा दिवस मी भरलाय, आज मी इथंच बसणार.”

माणसं जिन्याकडे वळायला लागली. चपला शोधताना धक्काबुक्की झाली, कुणाचा तरी पाय नारळाच्या करवंटीवर पडला. मुंबईचा वार्ताहर मात्र गेला नाही. त्याने वहीचं कोरं पान काढलं, खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला आणि विचारलं, “ह्या भीमनगरला जायचं कसं?”

“तिसगावची एस.टी. धरा,” प्रज्ञा म्हणाली. “तिथून दोन कोस चालत. विहाराशेजारी खांब दिसेल, तोच नळ. आणि प्यायचं पाणी मात्र इथूनच भरून न्या.”